एकोणतीस

रात्री दीडला नळाला धार येते,
म्हणून मी जागाच असतो, पातेल्याजवळ.
निरंजनाचा फोन तेव्हाच येतो, लेस्टरहून.
तिकडे नऊ वाजतात
आणि सूर्य म्हणे समोरच्या कौलांवर बसून असतो
जेवण होऊनही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

"दादा, जीव चालला उकाड्यानं. एकोणतीस!"

मी हसलो. काय करू?
आज इथं सेहेचाळीस होतं बाप्पा.
बर्डीवरचा सिग्नल लाल झाला की
गाड्या झेब्रापाशी थांबत नाहीत,
मागं निंबाच्या सावलीत थांबतात,
हिरवा झाला की मग निघतात.
एकोणतीसला तर मी कूलर आवरून
माळ्यावर टाकतो. एकोणतीसला माझा धंदा बसतो.

"तू हसून राहिला," ती म्हणाली.
"इथं छताला पंख्याचा हूक नाही.
भिंतीत कापसासारखं काहीतरी भरलेलं, खाली गालिचा,
खिडकी चार बोटं उघडते, पुढं अडते.
घर नाही हे, थर्मास आहे.
आत चहाच्या जागी मी."

मग वॉर्डातली मतं सांगत बसली.
सोमवारी सगळे म्हणे, काय सुरेख दिवस!
मंगळवारी, सुरेखच, पण थोडा जास्तीचा.
बुधवारी, असं आधी कधी झालं नव्हतं,
त्यावर पलीकडची खाट, झालं होतं,
मी शाळेत होते, रस्त्याचं डांबर चपलेला लागायचं.
आणि आज एक म्हातारी, जरा पाऊस आला तर बागेला बरं.
"मला वाटलं, इतवारीतल्या ओट्यावर बसली आहे ही.
फक्त हातात विंजणा नाही."

मी म्हणालो, खिडकीवर ओली चादर टाक.
खिशात कांदा ठेव.
ती हसली. मग हसणं मध्येच संपलं.

"बारा नंबरचे आजोबा लोकरीचं बनियन काढत नव्हते.
काढा म्हटलं की म्हणायचे,
संध्याकाळी गार पडेल, पोरी, बघशील.
माय ठेवायची तसा ओला रुमाल
ठेवला मी त्यांच्या कपाळावर."

"पडलं गार?"

"नाही."

पातेलं भरून वाहत होतं.
पाणी पायाखालून नालीकडे चाललं
आणि मी नळ बंद केला नाही,
ज्या गावात थेंबाथेंबाला भांडणं होतात त्या गावात.

शालिकचं मी तिला सांगितलं नव्हतं.
हसनबागेत, गच्चीवर, दुपारी दोनला,
एकच ताटी बदलायची होती. दहा मिनिटांचं काम.
मीच म्हणालो होतो, जाऊन ये.
टाकीला टेकून बसलेला सापडला,
खसचा चुरा हातात, डोळे उघडे.
मेडिकलमधून आला परत, आला खरा,
पण अजून शब्दाच्या मध्ये थांबतो,
पुढचा अर्धा विसरल्यासारखा,
आणि मी तो अर्धा भरून देतो. घाईघाईनं.

आकड्यांवर आता मी बोललो नाही.

"दादा, ठेवू नको फोन," ती म्हणाली.
"कूलरजवळ धर जरा."

धरला.
डाव्या पात्याची खरखर पंधरा वर्षांची.
अख्ख्या मोहल्ल्याचे कूलर नीट केले मी, हा सोडून.

"अजून तशीच आहे ती?"
"तशीच."
मग ती बोलली नाही. श्वास तेवढा येत राहिला,
आधी अडखळत, मग लांब लांब.

टाकीतलं पाणी सरलं की पंप किंचाळतो,
तिला जाग यायची.
एका हातात फोन धरून
दुसऱ्या हातानं मी मग्ग्यानं पाणी ओतत राहिलो,
काठाला लावून, आवाज न करता,
बाहेर उजाडेपर्यंत.